ब्लॉक बिडाचा घ्या, पण तो शेवटी निवडा

पत्र : मी मूळचा कोल्हापूरचा, गेली नऊ वर्षे ह्यूस्टनमध्ये आहे. माझ्याकडे १९९९ची शेवरोले कॅमारो झेड-२८ आहे, सहा गिअरची मॅन्युअल. तिचे मूळ ५.७ लिटरचे एलएस-१ इंजिन १,४०,००० मैल चालले असून आता तेल पिऊ लागले आहे. इंजिन उतरवायचेच आहे, तर टर्बो (धुराच्या जोरावर इंजिनात जास्त हवा कोंबणारा पंप) लावून चाकांवर ५०० हॉर्सपॉवर मिळवावी, गाडी मात्र रोजच्या रस्त्यावरच चालवावी, असा विचार आहे. इथल्या एका मशीन शॉपने माझ्याच अ‍ॅल्युमिनियम ब्लॉकमध्ये, म्हणजे सिलिंडर असलेल्या मूळ ओतीव भागात, नवे स्लीव्ह (सिलिंडरच्या आतल्या नळ्या) बसवायला सांगितले आणि त्याचे ६,५०० डॉलर सांगितले. एक मित्र म्हणतो, ६ लिटरचा बिडाचा ब्लॉक शोध. दुसरा म्हणतो, शर्यतीसाठी ओतलेला कोरा ब्लॉकच घे, म्हणजे पुन्हा कटकट नको. बाबांनी शिरोलीच्या एका फाउंड्रीत तीस वर्षे काढली, ते फोनवर एवढेच म्हणाले, "बिडाचाच घे." माझ्याकडे सगळे मिळून १२,००० डॉलर आहेत. कोणता ब्लॉक घेऊ आणि त्यात काय काय घालू?
— एक कोल्हापूरकर, ह्यूस्टन

उत्तर :

तुमच्या वडिलांचे बरोबर आहे, आणि मीही तुम्हाला बिडाचाच ब्लॉक सांगणार आहे. पण पत्र वाचताना एक गोष्ट खटकली. तुम्ही ब्लॉकबद्दल चार जणांना विचारले, चौघांनी मिळून तीन तऱ्हेचे ब्लॉक सांगितले, आणि तुम्ही कोणते इंधन वापरणार आहात हे मात्र एकानेही विचारले नाही. तुमच्या उद्दिष्टासाठी या तिन्हींपैकी कोणताही ब्लॉक पुरेसा आहे. जे पुरेसे ठरेल की नाही याची शंका आहे, त्याचा पत्रात उल्लेखच नाही. म्हणून आधी आकडेमोड करू आणि मग ब्लॉककडे वळू.

चाकांवर ५०० हॉर्सपॉवर हवी असेल तर मॅन्युअल गिअरबॉक्स आणि मागच्या अ‍ॅक्सलमध्ये जाणारी शक्ती धरून इंजिनाने क्रँकवर, म्हणजे आपल्या मुख्य फिरत्या दांड्यावर, साधारण ५८० द्यायला हवी. टर्बो लावलेले पेट्रोल इंजिन दर मिनिटाला एक पौंड हवा घेऊन ढोबळमानाने दहा हॉर्सपॉवर देते, म्हणजे तुम्हाला मिनिटाला ५८ पौंड हवा लागेल. आता हीच हवा तीन वेगवेगळ्या इंजिनांतून ६,००० आरपीएमला न्यायची आहे असे समजा. टर्बोशिवाय ५.३ लिटरचे इंजिन साधारण ३९ पौंड हवा ओढते, तुमचे ५.७ लिटरचे ४१ आणि ६ लिटरचे साडेत्रेचाळीस. इंटरकूलरमधून (टर्बोने तापवलेली हवा थंड करणाऱ्या जाळीतून) बाहेर पडलेली हवाही थोडी गरम असणार हे धरून हिशेब केला, तर उरलेली भर घालायला ५.३ला सुमारे १० पौंड बूस्ट (दर चौरस इंचाला जास्तीचा दाब) लागतो, ५.७ला साडेआठ आणि ६ लिटरला सात. तुमच्या मित्रांमध्ये ज्यावरून वाद चालला आहे, तो सगळा मिळून तीन पौंड बूस्टचा प्रश्न आहे. टर्बोच्या दृष्टीने हे तीन पौंड म्हणजे कंट्रोलरवरचे बटण थोडे फिरवणे. मोठे इंजिन घेण्याची इतर कारणे असू शकतात, पण "टर्बो आहे, म्हणून मोठा ब्लॉक" हे कारण त्यांत बसत नाही.

मग मोडते काय? मिशिगनमध्ये असताना एका ओळखीच्या मुलाने भंगार यार्डातून आणलेले ५.३ इंजिन न उघडताच टर्बोला जोडले होते. पहिले तीन आठवडे उत्तम गेले. चौथ्या आठवड्यात महामार्गावर एकदा लांब ताणले आणि मागून निळा धूर सुरू झाला. त्याच्या गॅरेजमध्ये आम्ही हेड (सिलिंडरांवरचे झाकण) उघडले, तेव्हा सात नंबरच्या पिस्टनची वरची कड, म्हणजे पहिल्या रिंगच्या वरचा भाग, एका बाजूने उचकटून आला होता. रिंग काढून हातात घेतली. तिची दोन्ही टोके आरशासारखी चमकत होती, जणू कोणी पॉलिश पेपरने घासली असावीत. ती दोन टोके एकमेकांना भिडून घासली गेली होती. शेजारच्या सिलिंडरमधल्या रिंगचा गॅप, म्हणजे तिच्या दोन टोकांमधली फट, मोजला तर बारा थाऊ (एक थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग) भरला. टर्बो नसलेल्या इंजिनासाठी कारखान्याने दिलेला तो योग्य गॅप होता; पण बूस्टमध्ये रिंग जास्त तापते, लांबते, गॅप मिटतो, आणि पुढे जायला जागा न उरलेली रिंग सिलिंडरच्या भिंतीत रुतून पिस्टनचा डोक्याकडचा भाग उपसून काढते. सिलिंडरवर नखाला लागेल न लागेल असा एक ओरखडा होता. होनिंगमध्ये (भिंत दगडाने बारीक घासताना) तो निघून गेला. ब्लॉक, म्हणजे ज्याची सगळे जण काळजी करतात तो भाग, जसाच्या तसा पुन्हा वापरला.

हे एक उदाहरण झाले, पण गेल्या वीस-बावीस वर्षांत टर्बो लावलेली जी पेट्रोल इंजिने मी मोडलेली पाहिली, त्यांत बहुतेकांची कथा हीच होती : एक तर रिंगचा गॅप कमी, नाहीतर नॉकिंग (ज्योत पोहोचण्याआधीच मिश्रण आपोआप भडकणे), आणि नॉकिंगच्या मागे इंधन कमी पडलेले किंवा इग्निशन फार पुढे ओढलेले, म्हणजे ठिणगी फार लवकर पडणारी. फुटलेला ब्लॉक मी पाहिलेला नाही असे नाही, पण तो बहुतेक वेळा तुटलेल्या रॉडने आतून भोसकलेला असतो. म्हणजे तिथेही तो आरोपी नसून बळीच असतो.

तेव्हा पहिला निर्णय इंधनाचा. टेक्साससारख्या राज्यात पंपावर ९३ ऑक्टेनचे पेट्रोल मिळते. भारतातल्या वाचकांसाठी सांगतो की अमेरिकेत हा आकडा दोन पद्धतींच्या सरासरीने काढतात, आपल्याकडच्या आरओएन मापाने तो साधारण ९७-९८ भरेल. या पेट्रोलवर १० पौंड बूस्ट चालतो, पण ह्यूस्टनच्या ऑगस्टमध्ये इग्निशन बरेच मागे ठेवावे लागेल, आणि ५८० हॉर्सपॉवरला इंजिन काठावर येईल. दुसरा पर्याय ई-८५, म्हणजे मुख्यतः इथेनॉल असलेले इंधन. इथेनॉलची नॉकिंग सहन करण्याची ताकद बरीच जास्त असते आणि बाष्पीभवन होताना ते आत जाणारी हवाही थंड करते, त्यामुळे त्याच बूस्टवर इंजिनाला मोकळा श्वास मिळतो. मात्र दोन गोष्टी ध्यानात ठेवा. पंपावरच्या ई-८५मध्ये नावाप्रमाणे ८५ टक्के इथेनॉल असेलच असे नाही. ऋतू आणि ठिकाणाप्रमाणे ते ५१ ते ८३ टक्क्यांपर्यंत कुठेही असू शकते, म्हणून टाकीतले प्रमाण मोजणारा सेन्सर लावल्याशिवाय ट्यूनिंगवर भरवसा ठेवू नये. आणि इंधन तीस ते चाळीस टक्के जास्त लागते. तुमच्या घराजवळ किंवा कामाच्या वाटेवर ई-८५चा पंप असेल, तर मी डोळे झाकून तेच घ्या म्हणेन.

आता ब्लॉक. तुमचे एलएस-१ हे जनरल मोटर्सने १९९७च्या कॉर्व्हेटमधून आणलेले आणि पुढच्या वर्षी कॅमारोत घातलेले इंजिन. त्याचा ब्लॉक अ‍ॅल्युमिनियमचा आणि आतले बिडाचे लाइनर ओततानाच त्यात घट्ट बसवलेले. हे लाइनर पातळ आहेत. झीज झाली तर त्यांना फार तर दहा थाऊ, म्हणजे पाव मिलिमीटर, वाढवता येते. तुमचे इंजिन तेल पिते, म्हणजे तुम्हाला निदान होनिंग तरी लागेलच, आणि तेवढ्यात बोअर (सिलिंडरचे भोक) गोल निघाला नाही तर ब्लॉकचे आयुष्य तिथेच संपले. मशीन शॉपने सांगितलेला उपाय, म्हणजे जुने लाइनर काढून टाकून जाड स्लीव्ह बसवणे, तांत्रिकदृष्ट्या चुकीचा मुळीच नाही. त्या मार्गाने हजार हॉर्सपॉवरची हलकी गाडी बनते. पण त्याला अतिशय नेमके मशीनिंग लागते, स्लीव्हची उंची डेकशी (ब्लॉकच्या वरच्या सपाट पृष्ठाशी) तंतोतंत जुळावी लागते, नाहीतर हेड गॅस्केट वारंवार जाते, आणि तुमच्या बजेटचा निम्म्याहून अधिक भाग अशा गोष्टीवर जातो जिची तुम्हाला ५८० हॉर्सपॉवरला गरजच नाही. त्या दुकानाला दोष देत नाही. ज्याच्याकडे स्लीव्ह बसवायचे यंत्र आहे, त्याला प्रत्येक ब्लॉकमध्ये स्लीव्ह दिसणारच.

शर्यतीसाठी ओतलेल्या कोऱ्या ब्लॉकचा विषय एका वाक्यात संपतो. तो तुमच्या आयुष्यात कधी लागलाच, तर तोपर्यंत तुमचे गिअरबॉक्स, अ‍ॅक्सल आणि बँक खाते तिन्ही बदललेले असतील.

राहिले ट्रकमधले बिडाचे ब्लॉक. १९९९ ते २००७ या काळात जनरल मोटर्सने आपल्या पिकअप आणि मोठ्या एसयूव्हींमध्ये याच घराण्यातले बिडाचे ब्लॉक लाखोंनी घातले. त्यातला ५.३ लिटरचा एलएम-७ हा सर्वांत जास्त मिळणारा. ९६ मिलिमीटर बोअर, ९२ मिलिमीटर स्ट्रोक. ६ लिटरचे एलक्यू-४ आणि एलक्यू-९. मांडणी तुमच्या एलएस-१चीच आहे : प्रत्येक मेन कॅपला चार उभे आणि दोन आडवे बोल्ट, क्रँककेसची भिंत मेन बेअरिंगच्या खाली उतरलेली. अ‍ॅल्युमिनियम ब्लॉकपेक्षा हा जवळपास ४५ किलोने जड पडतो आणि हे वजन नाकावर येते. कॅमारो वळणांसाठी घडवायची असती तर मी या वजनाचा विचार केला असता. पण टर्बोसाठी बिडाचे जे गुण हवेत ते नेमके तेच आहेत जे तुमच्या वडिलांनी तीस वर्षे पाहिले : अ‍ॅल्युमिनियमपेक्षा जास्त ताठर, तापल्यावर त्याच्या निम्म्यानेच प्रसरण पावणारे, आणि बोअरची भिंत एकसंध. हेडचा बोल्ट आणि ब्लॉक जवळपास सारख्याच प्रमाणात फुगत असल्याने गरम-थंड होताना गॅस्केटवरची पकड फारशी हलत नाही.

५.३ आणि ६ यांत मी तुम्हाला ५.३ घ्यायला सांगेन. मित्राचा ६ लिटरचा सल्ला चुकीचा नाही. पण त्याला मागणी जास्त, किंमत जास्त, आणि १९९९-२०००च्या सुरुवातीच्या एलक्यू-४ला हेडही बिडाचे आणि क्रँकच्या मागचा फ्लँज लांब, त्यामुळे तुमचे फ्लायव्हील सरळ बसणार नाही. पुढे कधी चाकांवर ७०० हवी झाली तर फोर्ज केलेले (ओतलेले नव्हे, दाबून घडवलेले) पिस्टन आणि रॉड घालावे लागतील, हे आताच सांगून ठेवतो. ५००साठी त्याची गरज नाही. ५.३चा आणखी एक फायदा तुमच्या गाडीशीच जोडलेला आहे. त्या पिढीच्या इंजिनात क्रँकवरचे सेन्सर चक्र २४ दातांचे असते, तुमच्या एलएस-१सारखेच, त्यामुळे तुमचा कॉम्प्युटर त्याला ओळखतो. २००७च्या आसपासपासूनच्या पुढच्या पिढीत हे चक्र ५८ दातांचे झाले, शिवाय अनेक इंजिनांत अर्धे सिलिंडर बंद करणारी यंत्रणा आली, जिचे लिफ्टर हे स्वतंत्र दुखणे आहे. त्या वाटेला जाऊ नका.

यार्डात जाल तेव्हा गाडीच्या व्हीआयएनमधले (ओळख क्रमांकातले) आठवे अक्षर पाहा. 'टी' असेल तर एलएम-७. 'झेड' असेल तर त्याचाच इथेनॉलवर चालणारा भाऊ, तोही चालेल. 'पी' आणि 'बी' ही ५.३चीच, पण अ‍ॅल्युमिनियम ब्लॉकची इंजिने, ती टाळा. इंजिन आधीच उतरवून ठेवले असेल आणि विक्रेता काहीही सांगत असेल, तर खिशात एक चुंबक ठेवा. अ‍ॅल्युमिनियमला तो चिकटणार नाही. तेलाचा कॅप उघडून आत काळा खरपट थर आहे का पाहा, स्पार्क प्लग काढून हाताने क्रँक पूर्ण फिरतो का ते बघा, आणि जमल्यास पेन कॅमेऱ्याने सिलिंडरमध्ये डोकवा. दीड लाख मैल चाललेल्या एलएम-७मध्येही होनिंगच्या तिरप्या रेषा अनेकदा शाबूत दिसतात. त्या दिसल्या तर भाव करा आणि घ्या.

घरी आणल्यावर मात्र तो एकदा पूर्ण उघडा. या ठिकाणी वडिलांना विचारण्यासारखी एक गोष्ट आहे. ब्लॉक ओतताना सिलिंडरच्या भोवतालची पाण्याची पोकळी वाळूच्या गाभ्याने तयार होते, आणि साच्यात तो गाभा जरा जरी सरकला तरी सिलिंडरची एका बाजूची भिंत जाड आणि समोरची पातळ होते. शिरोलीत ज्यांनी गाभे बसवले असतील त्यांना हे नव्याने सांगायला नको. याच कारणाने मी तुम्हाला बोअर मोठा करू नका असे सांगतो. ५.३च्या ब्लॉकला ३ मिलिमीटर वाढवून ९९ करता येते आणि त्याचा ५.७ लिटर बनतो, लोक तसे करतातही. पण टर्बोसाठी जाड भिंत हीच आपली पुंजी आहे, ती कापून दीड पौंड बूस्ट वाचवायचा यात हिशेब बसत नाही. बोअर गोल आणि सरळ असेल तर फक्त होनिंग करा. वाढवणे अटळच असेल तर आधी अल्ट्रासॉनिक मापकाने प्रत्येक सिलिंडरच्या भिंतीची जाडी मोजून घ्या. आणि होनिंग टॉर्क प्लेट लावूनच करायला सांगा. हेडचे बोल्ट आवळल्यावर बोअर किंचित लंबगोल होतो. जाड प्लेट हेडच्या जागी तितक्याच टॉर्कने आवळून होनिंग केले, तर इंजिन जोडल्यावर बोअर खरोखर गोल राहतो. दुकानदार टॉर्क प्लेट नाही म्हणाला तर दुसरे दुकान शोधा. हे एकच काम असे आहे ज्यात मी तडजोड करणार नाही.

आता रिंग. कारखान्याचे पिस्टन आणि रॉड तसेच ठेवून नव्या रिंग आणा आणि गॅप स्वतः घासा. हे काम कोणालाही देऊ नका, कारण जो पैसे घेतो त्याला घाई असते. रिंग बोअरमध्ये ठेवा, उलट्या पिस्टनने ती इंचभर खाली सरळ ढकला, म्हणजे ती तिरपी राहणार नाही, आणि फीलर गेजने गॅप मोजा. टर्बोसाठी बोअरच्या प्रत्येक इंचामागे ५ ते ६ थाऊ धरतात. तुमचा बोअर ३.७८ इंच, म्हणजे वरच्या रिंगला १९ ते २३ थाऊ. तुमच्या वापरासाठी मी २३च्या खाली जाणार नाही, आणि दुसरी रिंग त्याहून दोन थाऊ मोकळी ठेवेन. मात्र रिंगच्या डब्यातील कागदावर उत्पादकाने यापेक्षा जास्त सांगितले असेल तर त्याचेच ऐका. घासताना रिंगचे एकच टोक घासा, म्हणजे दुसऱ्या सरळ टोकाशी तुलना करता येते, आणि घासणी नेहमी बाहेरच्या कडेकडून आत फिरवा. उलट फिरवली तर बाहेरच्या कडेवरचा लेप टवके होऊन निघतो. शेवटी बारीक दगडाने कडा मोडा. आठ सिलिंडर, सोळा रिंग, एक अख्खा शनिवार. गॅप जास्त झाला तर किंचित ब्लो-बाय (रिंगवरून खाली गळणारा वायू) वाढेल, कमी झाला तर सात नंबरचा पिस्टन जाईल. चूक करायचीच असेल तर कोणत्या बाजूला करायची हे उघड आहे.

फोर्ज केलेले पिस्टन का नकोत, असे तुम्ही विचाराल. मूळ पिस्टन ओतीव आहेत आणि नॉकिंगला माफ करत नाहीत, हे खरे. पण ई-८५, बरोबर गॅप आणि सावध ट्यूनिंग असेल तर ५८० हॉर्सपॉवरला ते टिकतात, आणि त्यांवर वाचलेले पैसे इंधनाच्या व्यवस्थेत गेले तर पिस्टनला नॉकिंगच भेटणार नाही. तुम्ही ९३ ऑक्टेनवरच राहणार असाल तर माझे मत बदलेल. तेव्हा फोर्ज केलेले घ्या आणि उद्दिष्ट थोडे खाली आणा.

हेडचे जुने बोल्ट पुन्हा वापरता येत नाहीत, कारण ते एकदा ताणले जाण्यासाठीच बनवलेले असतात. त्यांच्या जागी चांगले स्टड आणि तुमच्या बोअरच्या मापाचे अनेक थरांचे पोलादी गॅस्केट घ्या. स्टड मागवताना इंजिनाचे साल लिहायला विसरू नका; २००३पर्यंतच्या हेडला दोन लांबीचे बोल्ट लागतात, २००४पासून एकाच लांबीचे. व्हॉल्व्ह स्प्रिंगही बदला. ५.३च्या इनटेक व्हॉल्व्हचा व्यास १.८९ इंच, म्हणजे क्षेत्रफळ सुमारे २.८ चौरस इंच. त्यावर मागून १० पौंड बूस्ट आला की २८ पौंडांचा जोर व्हॉल्व्हला उघडायला ढकलतो. आधीच थकलेल्या ट्रकच्या स्प्रिंगकडून तो पेलवण्याची अपेक्षा ठेवू नये. आणि तेलाच्या पंपाला मिळणाऱ्या पिकअप नळीच्या तोंडाशी एक रबरी ओ-रिंग असते, काही डॉलरची. ती कडक झाली की पंप तेलाबरोबर हवा ओढतो आणि चांगल्या इंजिनाचे बेअरिंग जातात. नवी घाला, तेल लावून घाला, आणि बसवताना ती कापली गेली नाही ना हे बोटाने तपासा.

काही भाग मात्र तुमच्याच एलएस-१वरून उतरवायचे आहेत. ट्रकचा ऑइल पॅन कॅमारोच्या क्रॉसमेंबरवर आपटतो आणि ट्रकचा इनटेक मॅनिफोल्ड इतका उंच असतो की बॉनेट बंद होत नाही. तुमचे दोन्ही ५.३ला बसतात, कारण हेडच्या पोर्टचा आकार सारखाच आहे. ट्रकचे इंजिन ऑटोमॅटिक गाडीतले असेल तर क्रँकच्या मागच्या तोंडात मॅन्युअल गिअरबॉक्सचा शाफ्ट धरणारे पायलट बेअरिंग नसेल. इंजिन-गिअरबॉक्स जोडल्यावर हे आठवले तर सगळे पुन्हा उतरवावे लागते, हे मी अनुभवाने सांगतो.

इंधनाच्या व्यवस्थेचा हिशेब तुमच्यासमोर करतो, म्हणजे दुकानात कोणी कमी माप गळ्यात मारणार नाही. ५८० हॉर्सपॉवरला टर्बो पेट्रोल इंजिन प्रत्येक हॉर्सपॉवरमागे तासाला ०.६ पौंड इंधन मागते, म्हणजे एकूण सुमारे ३४८ पौंड. आठ इंजेक्टर, प्रत्येकी साडेत्रेचाळीस. इंजेक्टर ८५ टक्क्यांहून जास्त उघडे ठेवायचे नाहीत म्हणून ५१. ई-८५साठी त्यात पस्तीस टक्के भर घाला, ६९. थोडी जागा ठेवून ८० पौंडांचे इंजेक्टर घ्या. पण इथे एक सापळा आहे. तुमच्या १९९९च्या गाडीत इंधनाची परतीची नळी नाही; रेग्युलेटर टाकीतच असून तो दाब ५८ पौंडांवर स्थिर ठेवतो. इनटेकमध्ये १० पौंड बूस्ट आला की इंजेक्टरच्या तोंडाशी खरा दाब ४८च उरतो, आणि प्रवाह जवळपास नऊ टक्क्यांनी घटतो, तोही नेमका जेव्हा सर्वांत जास्त हवा असतो तेव्हा. म्हणून परतीची नळी टाका आणि बूस्टप्रमाणे दाब वाढवणारा रेग्युलेटर लावा, नाहीतर हे नऊ टक्के हिशेबात धरून इंजेक्टर आणि पंप मोठे घ्या. मी पहिलेच करेन. एअर-फ्युएल मोजणारा वाइडबँड सेन्सर कायमचा गाडीत राहू द्या, आणि ट्यूनिंग डायनोवर (शक्ती मोजणाऱ्या यंत्रावर) अशा माणसाकडून करून घ्या ज्याने या कॉम्प्युटरवर टर्बो आधीही चालवला आहे.

टर्बोबद्दल इतकेच, की मिनिटाला ६० ते ६५ पौंड हवा देणारा कंप्रेसर पुरे; त्याहून मोठा घेतलात तर रस्त्यावर तो जागा व्हायलाच उशीर लागेल. वेस्टगेटच्या, म्हणजे जास्तीचा धूर टर्बोला वगळून सोडणाऱ्या झडपेच्या, मापात कंजूषी नको, नाहीतर १० पौंड ठरवूनही वरच्या आरपीएमला बूस्ट आपसूक चढत राहतो. टर्बोतून परत येणाऱ्या तेलाची नळी जाड आणि सतत उताराची हवी.

मागचा अ‍ॅक्सल हे या गाडीचे जुने दुखणे आहे. कॅमारोचा ७.६२५ इंची, दहा बोल्टांचा डिफरन्शियल टर्बो नसतानाही चिकट टायरवर तुटलेला मी पाहिला आहे. लगेच बदलायची ऐपत नसेल तर साधे टायर ठेवा, पहिल्या दोन गिअरमध्ये बूस्ट कमी ठेवा, आणि थांबलेल्या गाडीतून क्लच सोडून झेप घेण्याचा मोह आवरा. सहा गिअरचा टी-५६ गिअरबॉक्स समजूतदार हातात तग धरेल. क्लच मात्र नवा आणि दणकट लागेल.

पैशांची वाटणी मी अशी करेन : ब्लॉक, मशीनिंग, रिंग, बेअरिंग, स्टड, गॅस्केट, स्प्रिंग मिळून ३,०००, टर्बो, नळ्या, इंटरकूलर, वेस्टगेट ४,५००, इंधन आणि ट्यूनिंग २,५००, क्लचसाठी आणि पहिल्या अनपेक्षित मोडतोडीसाठी २,०००. इंजिनाच्या रकमेतून काही उरलेच तर ते इंधनाकडे वळवा, चकाकत्या व्हॉल्व्ह कव्हरकडे नको.

कायद्याचेही दोन शब्द. हॅरिस काउंटीत २४ वर्षांहून जुन्या गाडीला उत्सर्जन चाचणी लागत नाही, पण चाचणी नाही म्हणजे कॅटॅलिटिक कन्व्हर्टर काढून टाकायला मोकळीक मिळाली असा अर्थ नव्हे. ते केंद्रीय कायद्याने निषिद्धच आहे, तेव्हा टर्बोच्या पुढची नळी करताना त्याची जागा धरून ठेवा. महाराष्ट्रातले जे वाचक हे वाचून आपल्या गाडीकडे पाहू लागले असतील, त्यांनी मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ आधी वाचावे; नोंदणीपत्रातील तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी जुळणार नाहीत असा बदल त्यानुसार एरवी करता येत नाही.

तुमचे जुने एलएस-१ विकू नका. उतरवल्यावर प्रत्येक सिलिंडरमध्ये थोडे तेल सोडा, क्रँक दोनदा हाताने फिरवा, प्लगची भोके आणि पोर्ट बंद करा आणि इंजिन प्लास्टिकमध्ये गुंडाळून गॅरेजच्या कोपऱ्यात स्टँडवर ठेवा. व्हॉल्व्ह कव्हर, वायरिंगचे क्लिप आणि बोल्ट एका डब्यात, चिठ्ठी लावून. आणि यार्डातून ५.३ आणलात की त्याच्या मागच्या कडेवर ओतलेल्या आकड्यांचा एक फोटो काढून वडिलांना पाठवा. साच्याची सांध कुठे आहे आणि गाभा कसा बसवला असेल, हे ते फोटो पाहून सांगतील, आणि त्यावर त्यांचे जे म्हणणे असेल ते मला कळवा.